लंडनहून आलेला बिनतारी संदेश दौंडमध्ये उतरायचा! मार्कोनीने जे केलं, तेच आज आपण राउटरसोबत करतो

शिरूर किंवा दौंड तालुक्यातलं कुठलंही घर डोळ्यासमोर आणा. रात्रीचे साडेआठ वाजलेत, मॅच ऐन रंगात आलीय आणि स्क्रीनवर गोल चक्र फिरायला लागतं. एकजण उठून राउटर बंद-चालू करतो. दुसरा मोबाईल घेऊन गच्चीवर पळतो. तिसरा एअरप्लेन मोड लावून काढतो. नेट आलं तर आलं, नाहीतर कंपनीच्या नावाने बोटं मोडायची.

पण याच दौंडमध्ये 1927 साली थेट इंग्लंडहून आलेले बिनतारी संदेश उतरत होते. ना वायफाय, ना टॉवर, ना सॅटेलाइट. ज्याच्या कंपनीने हे घडवलं, त्या माणसाचं सगळं आयुष्य सिग्नल का येत नाही हे शोधण्यात गेलं. त्याचं नाव गुलेल्मो मार्कोनी.

पोटमाळ्यावरचा पोरगा

मार्कोनीचा जन्म 25 एप्रिल 1874 चा, इटलीतल्या बोलोन्या शहरातला. वडील इटालियन जमीनदार, तर आई ॲनी ही आयर्लंडच्या प्रसिद्ध जेमसन व्हिस्कीवाल्या घराण्यातली. पोरगा कॉलेजात फारसा रमला नाही. पण हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने विद्युत लहरी हवेतून जातात हे दाखवलं होतं, ते वाचून त्याच्या डोक्यात किडा शिरला. या लहरींवरून निरोप पाठवता आला तर?

घराच्या पोटमाळ्यावर, जिथे एकेकाळी रेशमाचे किडे पाळायचे, तिथे त्याने प्रयोग सुरू केले. सुरुवातीला सिग्नल खोलीच्या पलीकडे जाईना. मग त्याने एक तार उंच खांबावर चढवली, दुसरी जमिनीत पुरली. अंतर झपाट्याने वाढलं. 1895 मध्ये सिग्नल टेकडीपलीकडे, दोनेक किलोमीटरवर पोहोचला. टेकडीमागे थांबलेल्या भावाने बंदुकीचा बार काढून निरोप मिळाल्याचं कळवलं.

1896 मध्ये तो आईसोबत लंडनला गेला आणि तिथे पेटंट घेतलं. मे 1897 मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवर ब्रिटिश पोस्ट खात्यासमोर प्रयोग ठरला. आधी काही केल्या जमेना. मग रिसीव्हर कड्यावरून खाली समुद्रकाठी नेला, तारेला आणखी तार जोडली आणि सिग्नल आला. यंत्र तेच होतं. बदलली ती जागा आणि तारेची लांबी.

आपल्या घरात नेमकी हीच चूक असते. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाशेजारी नाहीतर जिन्याखाली ठेवलेला असतो. धातू, आरसे, पाण्याची टाकी आणि जाड भिंती सिग्नल अडवतात. राउटर घराच्या मध्याजवळ, उघड्यावर आणि छातीच्या उंचीला ठेवला, तर अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. पत्र्याच्या घरात मोबाईलची रेंज जाते आणि दारात आलं की येते, त्याचंही कारण हेच.

सगळे एकदम बोलायला लागले तर?

पुढचा प्रश्न गर्दीचा होता. दोन स्टेशनं एकाच वेळी बोलू लागली की संदेश एकमेकांत मिसळायचे. 1900 मध्ये मार्कोनीने ठरावीक लहरींवरच यंत्र जुळवण्याचं पेटंट घेतलं. त्याचा क्रमांक होता 7777. रेडिओचं बटण फिरवून स्टेशन लावतो, ती कल्पना हीच. अर्थात या कामात ऑलिव्हर लॉज आणि निकोला टेस्ला यांचाही वाटा होता. 1943 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनीच्या ट्यूनिंगच्या पेटंटमधले महत्त्वाचे दावे रद्द केले.

आज फ्लॅटमध्ये किंवा दाट आळीत दहा राउटर एकाच चॅनेलवर ओरडत असतात. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये 1, 6 आणि 11 हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन यातला कमी गर्दीचा चॅनेल निवडला की फरक पडतो.

पतंगाला बांधलेला अँटेना

1901 मध्ये त्याने अटलांटिक ओलांडायचं ठरवलं. इंग्लंडमधल्या पोल्धू इथे खांबांचं मोठं कडं उभारलं आणि सप्टेंबरच्या वादळात ते कोसळलं. मार्कोनी थांबला नाही. साधा अँटेना उभा करून तो कॅनडाच्या बाजूला न्यूफाउंडलंडला गेला. तिथल्या वाऱ्याने फुगा नेला, पतंगही नेला. शेवटी दुसऱ्या पतंगाला तार बांधली. पतंग वर-खाली होई, त्यामुळे नाजूक ट्यूनिंगचा रिसीव्हर चालेना. मग त्याने तो बाजूला ठेवला, साधा रिसीव्हर लावला आणि कानाला इअरफोन धरला. 12 डिसेंबर 1901 रोजी त्याला तीन टिंबं, म्हणजे मोर्सचं एस हे अक्षर ऐकू आलं. अंतर होतं जवळपास 3,400 किलोमीटर.

लोकांनी शंका घेतली, कारण पुरावा म्हणून फक्त त्याचे आणि त्याच्या सहायकाचे कान होते. म्हणून 1902 मध्ये फिलाडेल्फिया जहाजावरून जाताना त्याने कागदाच्या पट्टीवर संदेश नोंदवले. त्यातून एक नवंच कोडं समोर आलं. रात्री संदेश 2,500 किलोमीटरवर मिळत होता, पण दिवसा 1,100 किलोमीटरच्या आसपासच बंद पडत होता. सूर्यामुळे वातावरणाच्या वरच्या थरात होणारे बदल हे त्याचं कारण, हे पुढे स्पष्ट झालं.

मार्कोनीची ही पद्धत उचलण्यासारखी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. घरी तशीच सुरुवात करा. एकाच फोनवर नेट नाही की सगळ्यांवर? सगळ्यांवर नसेल तर फायबरच्या डब्यावरचा एलओएसचा दिवा बघा. तो लाल असेल तर वायर तुटलीय किंवा निघालीय. अशा वेळी राउटर शंभरदा बंद-चालू करून उपयोग नाही, सरळ तक्रार नोंदवा. दिवा ठीक असेल तर राउटरची वीज अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करा.

फक्त एकच फोन अडला असेल तर त्यात डेटासाठी बरोबर सिम निवडलंय का, नेटवर्क ऑटोमॅटिकवर आहे का आणि एपीएन कंपनीचाच आहे का, ते याच क्रमाने तपासा. नेटवर्क सेटिंग रीसेट हा उपाय अगदी शेवटी, कारण त्यात सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात. आणि रोज रात्री 9 ला नेट मंद, पण पहाटे सुसाट असेल, तर दोष फोनचा नाही. टॉवरवर गर्दी आहे.

नोबेल, टायटॅनिक आणि एक कबुली

1909 मध्ये कार्ल ब्राउन यांच्यासोबत मार्कोनीला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा तो 35 वर्षांचा होता. 1912 मध्ये टायटॅनिक बुडालं, तेव्हा जहाजावरच्या मार्कोनी कंपनीच्या ऑपरेटरांनी पाठवलेल्या हाकेमुळे मदत आली आणि 700 हून अधिक जीव वाचले. त्याच वर्षी कार अपघातात मार्कोनीचा उजवा डोळा गेला.

पण त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बदल पुढेच होता. दूर जायचं तर लांब लहरी, प्रचंड अँटेना आणि प्रचंड वीज हवी, असं तो वीस वर्षं मानत आला होता. कंपनीचा सगळा पैसा त्यातच अडकलेला. पहिल्या महायुद्धात त्याने आखूड लहरींकडे पुन्हा लक्ष दिलं. मग एलेत्रा नावाची बोट घेऊन समुद्रात फिरत त्याने मोजमाप केलं आणि आपण चुकीच्या वाटेने गेलो, हे मान्य केलं. चार्ल्स फ्रँकलिन या इंजिनिअरने आखूड लहरी बॅटरीच्या झोताप्रमाणे एकाच दिशेला फेकणारे अँटेना बनवले. यालाच बीम पद्धत म्हणतात. 1924 मध्ये ब्रिटिश सरकारने या पद्धतीचा करार केला. त्यात मिनिटाला 100 शब्द पाठवण्याची अट होती.

आणि मग आलं दौंड

भारतासाठी दोन जागा निवडल्या गेल्या. संदेश पाठवायचं केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि घ्यायचं केंद्र तिथून सुमारे 75 किलोमीटरवर दौंडला. इंग्रजांच्या कागदांत दौंडचं नाव धोंड असं सापडतं. 1927 मध्ये सेवा सुरू झाली. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीजवळून निघालेला संदेश दौंडला यायचा आणि इथला संदेश खडकीहून जायचा.

दोन केंद्रं एवढी लांब का? जवळच कुणी मोठ्याने ओरडत असेल, तर दुरून आलेली कुजबुज ऐकू येत नाही. म्हणून ऐकणारा कान ओरडणाऱ्या तोंडापासून दूर ठेवला. राउटर मायक्रोवेव्ह ओव्हनशेजारी ठेवू नका असं सांगतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. राउटरच्या उभ्या अँटेनाचा सिग्नलही टोकातून नाही, तर आजूबाजूला पसरतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर रेंज हवी असेल तर एक अँटेना आडवा करून बघा.

लहरींची निवडही महत्त्वाची होती. बीमसाठी दिवसा एक आणि रात्री दुसरी लांबी वापरत. आपल्याकडेही दोन पर्याय असतात. 5 गिगाहर्ट्झची लहर सुमारे 6 सेंटिमीटरची असते. ती वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकते. 2.4 गिगाहर्ट्झची साडेबारा सेंटिमीटरची. ती थोडी मंद, पण लांब जाते. राउटरच्या खोलीत पहिली आणि मागच्या खोलीत दुसरी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बीम सेवा समुद्राखालच्या तारांपेक्षा इतकी स्वस्त निघाली की तारांच्या कंपन्या हादरल्या. भारतातही 1932 मध्ये तार आणि बिनतारी कंपन्या एक झाल्या. 1947 मध्ये सरकारने हा कारभार हाती घेतला आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे खातं तयार झालं. 1971 मध्ये पुणे जिल्ह्यातच जुन्नर तालुक्यात आर्वीला उपग्रह केंद्र उभं राहिलं. 1986 मध्ये या खात्याची विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल झाली. आणि याच व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 ला सामान्य भारतीयांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे आज दौंडच्या घरात येणाऱ्या नेटची वंशावळ शोधत गेलं, तर ती फिरून दौंडलाच पोहोचते.

या गोष्टीची दुसरी बाजू

मार्कोनी मोठा होता, पण एकटा नव्हता आणि निष्कलंकही नव्हता. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्येच कोलकात्यात बिनतारी लहरींचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. अटलांटिकपलीकडचा सिग्नल ज्या पाऱ्याच्या उपकरणाने ऐकला, त्याचं बोस यांनी 1899 मध्ये मांडलेल्या उपकरणाशी असलेलं साम्य पुढे संशोधकांनी दाखवून दिलं. मार्कोनीने ते श्रेय कधी नीट दिलं नाही. 1923 मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला. 1930 मध्ये मुसोलिनीने त्याला इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष केलं आणि त्याच्या काळात त्या अकादमीत एकाही ज्यू विद्वानाला जागा मिळाली नाही.

20 जुलै 1937 ला रोममध्ये मार्कोनीचं निधन झालं. त्याच्या सन्मानार्थ ब्रिटनमधली बिनतारी केंद्रं दोन मिनिटं गप्प राहिली. ज्याने आयुष्यभर सिग्नल जाऊ नये म्हणून धडपड केली, त्याच्यासाठी सिग्नल मुद्दाम बंद ठेवला गेला.

पुढच्या वेळी नेट गेलं की लगेच सगळी बटणं दाबत सुटू नका. आधी दिवा बघा, मग जागा, मग चॅनेल, मग सेटिंग. एका वेळी एकच गोष्ट बदला. मार्कोनी याच पद्धतीने दौंडपर्यंत पोहोचला होता, आपल्याला तर फक्त हॉलमधून बेडरूमपर्यंत जायचंय.