दहा उद्योग शिकलेला माणूस : दादासाहेब फाळके



पालक सभेत एक तक्रार मी दरवर्षी ऐकते. मुलगा हुशार आहे हो, पण एका गोष्टीवर टिकत नाही. आज चित्रे काढतो, उद्या जादूचे प्रयोग करतो, परवा घरातला रेडिओ उघडून बसतो. अशा वेळी मला त्र्यंबकेश्वरच्या एका मुलाची आठवण होते. तो मुलगा चाळिशी येईपर्यंत असाच होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यामुळे पुराणातल्या कथा मुलाला घरातच मिळाल्या, त्या कुठे शिकायला जावे लागले नाही. पुढे दाजीशास्त्रींना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. शास्त्र्याच्या घरातला मुलगा त्या काळी चित्रकलेच्या शाळेत गेला, ही गोष्ट आपण वाचताना पटकन ओलांडून जातो. पण त्या घराने ती होऊ दिली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नंतर थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर ते बडोद्यास गेले. आपल्या इंदूरसारखेच तेही मराठी संस्थान. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९० मध्ये तेथे कलाभवन स्थापन केले आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे ते सोपवले. हुन्नर-उद्योगांचे शिक्षण मुलांना त्यांच्या मातृभाषेतून मिळावे, असा गज्जरांचा आग्रह होता. (मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली. तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा आग्रह मला फार जवळचा वाटतो.) कलाभवनात फाळके तैलरंग आणि जलरंग शिकले, मूर्तिकाम आणि वास्तुकलाही शिकले. त्याच सुमारास त्यांनी कॅमेरा विकत घेतला. गज्जरांनी या विद्यार्थ्याला फोटोग्राफीची प्रयोगशाळा वापरायला दिली, हे मला फाळक्यांच्या शिक्षणातले सर्वांत मोठे पाऊल वाटते. महागडे सामान मुलाच्या हाती द्यायला आजही शिक्षकाचे मन कचरते.

गज्जरांनी त्यांना आणखी एका गावी पाठवले, आणि ते गाव आपल्या माळव्यातले आहे : रतलाम. तीन रंगांचे ब्लॉक तयार करणे, फोटोवरून शिळाछाप करणे, अंधाऱ्या खोलीतली छपाई, हे सगळे ते तेथे शिकले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले.

इतके शिकूनही पोट भरेना. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा सुरू केला, तर प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोन्ही गेले. बडोद्यास परत आले, तर फोटो काढल्याने आयुष्य कमी होते, अशी लोकांची समजूत! मग नाटक मंडळ्यांसाठी पडदे आणि देखावे तयार केले. जादूचे प्रयोग शिकले आणि स्वतःचे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने करूनही दाखवले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या सरस्वतीबाई. १९०३ पासून पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समनची नोकरी, आणि स्वदेशीच्या दिवसांत ती सोडून लोणावळ्याला छापखाना. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचे काम केले, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणायला जर्मनीस जाऊन आले, धंदा दादरला नेला, आणि भागीदारांशी न पटल्याने तेथूनही रिकाम्या हाताने बाहेर पडले.

१९११ च्या सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलतो, तर राम-कृष्ण का हलू नयेत, हा ध्यास तेथून लागला. रोज चित्रपट पाहणे आणि रात्रभर प्रयोग करणे यामुळे काही काळ दृष्टीच गेली, ती उपचारांनी परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि दोन महिन्यांत परतले.

भांडवल कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर वाटाण्याचे रोप मिनिटभरात वाढताना दिसले. हे पाहून स्नेही यशवंतराव नाडकर्णी यांनी पैसे उभे करून दिले.

हल्ली ज्याला 'स्टार्टअपची टीम' म्हणतात, ती दादरच्या त्या घरात अशी जमली. त्र्यंबक तेलंग हे मित्र. त्यांना फाळक्यांनीच कॅमेरा शिकवला. अण्णा साळुंके ग्रँट रोडच्या एका खाणावळीत आचारी होते, पगार दहा रुपये. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, म्हणून पंधरा रुपये कबूल करून त्यांना आणले. राजा हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके, आणि रोहिदास फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. सरस्वतीबाई रात्री काळोखात कच्च्या फिल्मला छिद्रे पाडीत, फिल्म धूत, दिवसा उन्हात प्रकाशासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करीत. दागिने तर त्यांनी आधीच दिले होते. चित्रपटाच्या इतिहासात त्यांना दोन-चार ओळी मिळतात, हे मला योग्य वाटत नाही.

आता मागे वळून पाहा. कथा वडिलांकडून आली, पडदे आणि देखावे कलाभवनातून व नाटक मंडळ्यांकडून, फिल्मची रसायने फोटोग्राफीतून आणि रतलामच्या अंधाऱ्या खोलीतून, देवांचे चमत्कार प्रोफेसर केल्फाकडून. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याआधी १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचे 'पुंडलिक' दाखवले गेले होते, त्यामुळे पहिला मान कोणाचा हा वाद आहे. पण 'पुंडलिक' हे नाटकाचे चित्रण होते आणि कॅमेरा इंग्रज माणसाने चालवला होता. फाळक्यांनी सगळे काम घरात केले आणि घरातल्यांना शिकवून केले.

पुढे काम नाशिकला गेले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. १९१८ मध्ये भांडवलदार भागीदार येऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. मात्र भागीदारांशी पुन्हा बिनसले आणि फाळके सर्व सोडून काशीला जाऊन राहिले. १९२२ मध्ये ते परत आले, पण घरातली ती टोळी परत जमली नाही. बोलपट आल्यावर काळही बदलला. १९३७ चे 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.

जाता जाता एक सूचना. चित्रकलेच्या खोलीबाहेर आठवीच्या मुलांनी वाटाण्याची कुंडी ठेवली आहे आणि समोर टेबलाला मोबाईल बांधण्याची खूण केली आहे. रोज मधल्या सुट्टीत एक फोटो काढायचा आहे. पाणी घालण्याची पाळी ठरलेली आहे, तेव्हा कृपा करून कुंडी कोणी हलवू नये.

– प्राचार्या