ॲमी, मॉथ आणि माझं वर्कशॉपचं जर्नल

फर्स्ट इयरला सुतारकामाचा जॉब मी केलाच नव्हता. शेजारच्या रूममधल्या मित्राने दोन बनवले, त्यातला एक मी माझा म्हणून सबमिट केला. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आपण इंजिनिअर व्हायला आलोय, रंधा मारायला थोडेच, असाच आम्हा सगळ्यांचा आव होता. पुढे ॲमी जॉन्सनबद्दल वाचलं आणि तो जॉब टोचायला लागला. म्हणून मित्रांनो, आज तिची गोष्ट.

ॲमीचा जन्म १ जुलै १९०३ चा, इंग्लंडमधल्या हल या बंदरातला. वडिलांचा मासळीचा व्यापार. शेफील्डला अर्थशास्त्राची पदवी घेऊन ती लंडनला एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंगची कामं करू लागली. म्हणजे इंजिनिअरिंगशी संबंध शून्य! १९२८ मध्ये तिने लंडनच्या स्टॅग लेन विमानतळावरच्या फ्लाइंग क्लबमध्ये नाव घातलं. जुलै १९२९ मध्ये पायलटचं लायसन्स मिळालं. पण बाई तिथे थांबली नाही. नोकरी सांभाळून ती हँगरमध्ये मेकॅनिक लोकांबरोबर ग्रीसमध्ये हात घालू लागली. त्याच वर्षाच्या शेवटी तिने ग्राउंड इंजिनिअरचं लायसन्सही काढलं. ते मिळवणारी ती ब्रिटनमधली पहिली स्त्री.

मग तिने ठरवलं, एकटीने ऑस्ट्रेलियाला जायचं. तोवरचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे लंडन ते हल! विमान घेतलं तेही सेकंडहँड. सहाशे पौंडांची जिप्सी मॉथ. पैसे वडील आणि तेलाच्या धंद्यातले लॉर्ड वेकफील्ड यांनी मिळून दिले. वडिलांच्या मासळीच्या ट्रेडमार्कवरून विमानाचं नाव ठेवलं ‘जेसन’.

या मॉथबद्दल थोडं सांगायलाच हवं. इंजिन चार सिलिंडरचं, साधारण १०० हॉर्सपॉवरचं. आजच्या एखाद्या साध्या कारएवढंच म्हणा ना. सांगाडा लाकूड आणि प्लायवूडचा, पंखांवर ताणून बसवलेलं कापड. त्या कापडावर डोप नावाचं रसायन फासायचं, म्हणजे ते आक्रसून ढोलकीच्या कातड्यासारखं घट्ट होतं. कॉकपिट उघडं, रेडिओ नाही. दोन चाकं पुढे आणि शेपटीखाली नुसता एक स्किड. त्यामुळे जमिनीवर असताना नाक वर आणि पायलटला समोरचं काही दिसत नाही. नागमोडी चालवत बाजूने डोकावायचं. वजनाचा मध्य चाकांच्या मागे, म्हणून जरा तिरकं झालं की शेपूट गर्रकन पुढे यायला बघते. आणि ब्रेक नाहीत! जमिनीवर घासणारा स्किड काय थांबवेल तेवढंच. मैदान लहान पडलं की संपला विषय.

५ मे १९३० ला ती क्रॉयडनहून निघाली. व्हिएन्ना, इस्तंबूल, बगदाद करत सहाव्या दिवशी कराचीला पोहोचली. बर्ट हिंकलरने १९२८ मध्ये हाच प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता आणि कराचीपर्यंत ॲमी त्याच्या दोन दिवस पुढे होती. सगळं जग पेपर उघडून तिची बातमी शोधत होतं. झाशीला पंखाला मार बसला, तो दुरुस्त करून ती अलाहाबाद, कलकत्ता गाठत पुढे गेली.

आणि १३ मे ला घात झाला. भर पावसात तिला रंगूनचं रेसकोर्स सापडेना. एक मैदान दिसलं, तेच रेसकोर्स समजून ती उतरली. मैदान छोटं, ब्रेक नाहीत. विमान पळत पळत गेलं ते थेट खड्ड्यात! प्रोपेलर तुटला, चाकांचा सांगाडा मोडला, पंख फाटला. रेकॉर्ड तिथेच हातचं गेलं.

पण ते मैदान कुणाचं होतं माहितेय? इनसीनच्या सरकारी टेक्निकल इन्स्टिट्यूटचं. म्हणजे आपल्यासारख्यांचंच कॉलेज! तिथले शिक्षक आणि विद्यार्थी कामाला लागले. पंखातल्या मोडलेल्या लाकडी पट्ट्या नव्याने घडवल्या. कापड कुठून आणणार? पहिल्या महायुद्धात उरलेल्या विमानाच्या कापडाचे लोकांनी शर्ट शिवले होते. ते शर्ट उसवून पंखाला लावले! डोप रंगूनच्या एका केमिस्टने बनवून दिलं. स्पेअर प्रोपेलर तिने इंग्लंडहूनच विमानाला बांधून आणला होता. १६ मे ला जेसन पुन्हा उडालं आणि २४ मे ला डार्विनला उतरलं. साडेएकोणीस दिवस. वेळेचं रेकॉर्ड हुकलं, पण इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने जाणारी ती पहिली स्त्री ठरली.

पुढे तिने आणखी रेकॉर्ड केली. लग्न झालं, मोडलंही. दुसऱ्या महायुद्धात ती विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवायचं काम करत होती. ५ जानेवारी १९४१ ला खराब हवेत वाट चुकून तिचं विमान थेम्सच्या मुखाशी समुद्रात कोसळलं. तिला वाचवायला पाण्यात उडी घेतलेला नौदलाचा अधिकारीही गेला. ॲमीचा देह कधीच सापडला नाही. वय अवघं ३७. जेसन मात्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

मला राहून राहून इनसीनची ती पोरं आठवतात. त्यांची नावं मला कुठे वाचायला मिळाली नाहीत. पण समजा, त्यांनीही आपापले जॉब मित्राकडून करून घेतले असते तर? खड्ड्यातलं विमान बघायला गर्दी झाली असती, फोटो निघाले असते आणि विमान तिथेच राहिलं असतं.

परवा वर्कशॉपमधल्या मामांकडून लाकडाचे दोन तुकडे मागून घेतले. हाफ लॅप जॉइंट केला. दोन संध्याकाळी गेल्या, अंगठ्याला पट्टी लागली आणि सांध्यात अजून कागद जाईल एवढी फट आहे. कुणी मार्क देणार नाही. पण रूमवर टेबलावर ठेवलाय. कधी आलात तर बघा.