वारा विरुद्ध असताना

बदलापूरजवळून वाहणारी उल्हास नदी उन्हाळ्यात इतकी शांत असते, की हिचे समुद्राशी काही नाते असेल असे वाटतच नाही. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावणीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले, ते हिच्यावरूनच. अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारची वालधुनीही पुढे हिलाच मिळते. कल्याणला मात्र नदीची खाडी होते, पाणी खारे होते. मराठ्यांच्या आरमाराचा श्रीगणेशा झाला तो याच पाण्यावर.

१६३० साली शिवनेरीवर जन्मलेले शिवाजी महाराज वाढले ते सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर. घोडा आणि डोंगरवाटा ही त्यांची दुनिया. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आली आणि समोर समुद्र उभा ठाकला. त्यावर हुकमत पोर्तुगीजांची आणि जंजिऱ्याच्या सिद्दीची. किनारा आपला आणि पाणी परक्याचे, हे महाराजांना मानवणारे नव्हते. १६५९ मध्ये त्यांनी कल्याणच्या खाडीत जहाजे बांधायला घेतली. कामावर पोर्तुगीज कारागीर होते, रुय लैतांव व्हियेगश हा त्यांचा प्रमुख. ही जहाजे उद्या आपल्यावरच उलटतील, हे वसईकरांच्या ध्यानात आले. त्यांनी आतून सूत्रे हलवली आणि कारागीर काम टाकून गुपचूप निघून गेले. काम मात्र थांबले नाही. तोवर आपल्या माणसांच्या हाताला ती विद्या लागली होती.

पुढे नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणला सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः जहाजावर चढले. ८५ गलबते आणि तीन मोठी जहाजे घेऊन ते मालवणहून दक्षिणेला निघाले, ते थेट बेदनूरच्या नायकांच्या राज्यातील श्रीमंत बंदर बसरूरवर. बंदर बेसावध होते. लूट मोठी मिळाली. परतताना गोकर्णाचे दर्शन झाले, कारवारला इंग्रजांच्या वखारीकडून खंडणीही वसूल झाली.

पण समुद्राने आपला हिशेब मांडलाच. ग्रँट डफच्या इतिहासात या सफरीची नोंद आहे. सोसाट्याच्या वाऱ्याने जहाजे किनाऱ्याने दक्षिणेकडे ढकलली गेली आणि नंतर वायव्येच्या वाऱ्याने परतीची वाट बरेच दिवस अडवून धरली. कोकणातल्या नाखव्याला यात नवल वाटणार नाही. त्या दिवसांत वायव्येचा वारा धरून दक्षिणेला जाणे सोपे. उत्तरेला परतायचे तर तोच वारा तोंडावर येतो. मग शिडे तिरकी धरून नागमोडी जायचे, पहाटेच्या मतलई वाऱ्याचा फायदा घ्यायचा, नाहीतर एखाद्या खाडीच्या आडोशाला नांगर टाकून वाट पाहायची. घोड्याला टाच मारता येते, वाऱ्याला नाही.

आणि वाट पाहायला तेव्हा सवड कुठे होती? महाराज त्या किनाऱ्यावर असताना मिर्झाराजे जयसिंग औरंगजेबाची प्रचंड फौज घेऊन पुण्याकडे येत होते. ३ मार्चला ते पुण्यात दाखल झाले. महिनाअखेर पुरंदरला वेढा पडला. जूनमध्ये तह झाला आणि तेवीस किल्ले द्यावे लागले. हे संकट वाऱ्यामुळे ओढवले असे म्हणता येणार नाही. पण समुद्रात अडकलेला प्रत्येक दिवस राजाला किती जड गेला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

अशी सागरी मोहीम महाराजांनी पुन्हा जातीने केली नाही. दुसऱ्या कुणी आरमाराचा नादच सोडला असता. महाराजांनी उलट ते वाढवले. दर्यासारंग, मायनाक भंडारी, दौलतखान अशा दर्याच्या जाणकारांवर ते सोपवले आणि स्वतः मागे उभे राहिले. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर मराठ्यांनी तटबंदी उभारायला घेतली. इंग्रजांची मोठी जहाजे समोर असताना आपल्या छोट्या होड्या रात्रीच्या अंधारात बेटावर सामान पोहोचवत राहिल्या. खांदेरी मराठ्यांकडेच राहिले. पुढच्याच वर्षी, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर महाराजांनी देह ठेवला.

मोठी माणसे वाऱ्याशी भांडत बसत नाहीत. तो फिरेपर्यंत नांगर टाकतात आणि दरम्यान शिडे शिवून ठेवतात. पुढच्या वेळी कल्याणच्या खाडीवरून गाडी जाईल तेव्हा दुर्गाडीच्या दिशेने जरूर पाहा. बदलापूरहून आलेले पाणी तिथूनच दर्याकडे जाते.