जलशिल्पी विश्वेश्वरय्या

नळाची तोटी फिरविताच स्वच्छ पाणी वाहू लागते आणि वापरलेले सांडपाणी जमिनीखालच्या गटारांतून शहराबाहेर निघून जाते. या सोयींमागे कोणाची बुद्धी आणि कोणाचे श्रम उभे आहेत, याचा विचार आपण क्वचितच करतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग याच कार्यासाठी वेचला.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे पंडित होते. घरात विद्या होती, पण धन नव्हते. लहानपणीच पितृछत्र हरपले. तरीही शिकवण्या करून त्यांनी १८८१ साली बंगळूर येथे बी. ए.ची पदवी मिळविली. पुढे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले आणि १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. दुसऱ्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांची नेमणूक झाली व नाशिक येथून त्यांच्या सेवेला प्रारंभ झाला.

काही वर्षांनी त्यांना सिंध प्रांतातील सक्कर येथे पाठविण्यात आले. हे शहर सिंधू नदीच्या काठी वसलेले. परंतु नदीचे पाणी अतिशय गढूळ. पाणी गाळण्याचे हौद बांधावेत, तर नगरपालिकेजवळ पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच, काठाजवळ, विहीर खणविली. वाळूच्या थरांतून झिरपत येणारे पाणी विहिरीत उतरेपर्यंत आपोआप निवळत असे. जे काम माणसाला परवडत नव्हते, ते त्यांनी नदीकडूनच करून घेतले.

पुण्याजवळ खडकवासला येथे निराळीच अडचण होती. पावसाळ्यात तलाव भरून पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात मात्र तुटवडा भासे. भिंत उंच करणे खर्चाचे व जोखमीचे होते. तेव्हा विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर बसविण्यासाठी स्वयंचलित दारांची रचना केली. ही दारे मिटलेली असताना तलावात सुमारे ८ फूट अधिक पाणी साठे. पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की ती आपोआप उघडत व पातळी उतरली की मिटत. १९०३ साली ती बसविण्यात आली. या शोधाचे एकस्व त्यांच्या नावे होते. परंतु सरकारी सेवेत असताना लागलेल्या शोधाचे मानधन घेणे त्यांना उचित वाटले नाही.

मुंबई सरकारच्या सेवेतून ते बाहेर पडले, त्याच सुमारास हैदराबादवर घोर संकट कोसळले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर येऊन हजारो माणसे दगावली. निजाम सरकारच्या बोलावण्यावरून विश्वेश्वरय्या तेथे गेले. पर्जन्यमानाचा व नदीखोऱ्याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. शहराच्या वरच्या बाजूस मुसी व तिची उपनदी ईसी यांवर जलाशय बांधून पूर अडवावा, तसेच शहरातील सांडपाणी भूमिगत गटारांनी दूर न्यावे, अशी योजना त्यांनी आखली. त्यांतूनच पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. ज्या पाण्याने शहर बुडविले होते, तेच पाणी शहराची तहान भागवू लागले.

१९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान लाभला. १९६२ साली, शंभरी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. निसर्गाचे नियम ओळखून त्यांच्याकडून लोकांचे हित साधावे आणि त्याचा मोबदला स्वतःसाठी मागू नये, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण होय.