दादासाहेब फाळके आणि सूर्यप्रकाश

अहेरीच्या सागवनात पहाटेचा उजेड प्रथम झाडांच्या शेंड्यांवर उतरतो. मध्यान्ही त्याचे कवडसे वाटेवर पडतात आणि सायंकाळी प्राणहितेचे पात्र तांबूस होऊन जाते. आपले डोळे हे पालट सहज सामावून घेतात. कॅमेऱ्याला ते तितके साधत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या फिल्मला तर तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नसे, आणि दाट सावलीत तिच्यावर फारसे काही उमटत नसे. अशा फिल्मवर ज्यांनी भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट टिपला, त्या दादासाहेब फाळके यांची ही हकीगत आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा व बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. परंतु प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दगावले आणि त्यांनी ते गाव सोडले. १९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला. आपल्या पुराणांतील कथाही अशाच पडद्यावर याव्यात, या विचाराने त्यांना पछाडले. चित्रपट पाहावे, ग्रंथ वाचावे, प्रयोग करावे, असा अहोरात्र उद्योग चालला. झोप तीन तासांवर आली. या अतिश्रमाने त्यांची दृष्टीच गेली! उजेडाच्या मागे लागलेला हा पुरुष काही काळ अंधारात बसला. उपचारांनी डोळे सुधारले, तोच पुन्हा काम सुरू.

१९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि तेथील विद्या शिकून आले. विकत घेतलेला कॅमेराही मागाहून येऊन पोहोचला. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला व महिनाभराहून अधिक काळ थोडेथोडे चित्रण केले. पडद्यावर तो वेल पाहता पाहता वाढू लागला! ते पाहून भांडवल देणारा मनुष्य मिळाला.

मग दादरच्या बंगल्यात ‘राजा हरिश्चंद्र’चे काम सुरू झाले. त्या काळी चित्रण बहुतांशी सूर्याच्या भरवशावर चाले. ऊन डोक्यावर आले की नटांच्या डोळ्यांखाली काळ्या छाया पडतात. ढग आला की सारे थांबते. पत्नी सरस्वतीबाई भर उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत व त्यांवरून परतलेला उजेड नटांवर पाडीत. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्याच करीत आणि रात्री फिल्मला भोके पाडण्यास बसत. दादासाहेबांचे कौतुक करताना या माउलीचा विसर पडतो, हे बरे नव्हे.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात हा चित्रपट लोकांपुढे आला. पुढे ‘लंकादहन’, ‘कालिया मर्दन’ असे अनेक चित्रपट निघाले. ‘कालिया मर्दन’मधील बाळकृष्ण त्यांचीच कन्या मंदाकिनी होती. बोलपट आल्यावर मात्र त्यांचे दिवस पालटले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले.