दोनदा मिळून दोनदा गेलेलं नागरिकत्व : भगतसिंग थिंड यांची लढाई

भगतसिंग थिंड यांचा जन्म १८९२ चा, अमृतसर जिल्ह्यातला. १९१३ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि ओरेगॉनमधल्या लाकूड गिरणीत राबले. १९१८ मध्ये पगडीसह तिथल्या सैन्यात भरती झाले. महायुद्ध संपल्यावर डिसेंबरमध्ये, अंगावर गणवेश असतानाच, त्यांना नागरिकत्व मिळालं. चार दिवसांत ते रद्दही झालं. कारण कायद्यानं हा हक्क फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना होता. १९२० मध्ये ओरेगॉनच्या न्यायालयानं ते पुन्हा दिलं, तर सरकार वर अपिलात गेलं.

सर्वोच्च न्यायालयात थिंड यांची बाजू मांडली सखाराम गणेश पंडित यांनी. नाव वाचून मराठी वाचक थबकणारच! उत्तर हिंदुस्थानातले उच्चवर्णीय आर्य, म्हणजे कॉकेशियन, म्हणून गोरेच, असा युक्तिवाद होता. वंशभेदाशी लढताना जातीचा आधार घेणं आज खटकतं. पण कायद्यानं दुसरी वाट ठेवलीच कुठं होती? तीनच महिन्यांपूर्वी याच न्यायालयानं जपानी ताकाओ ओझावा यांना कॉकेशियन नाहीत म्हणून नाकारलं होतं. १९ फेब्रुवारी १९२३ ला मात्र एकमतानं निकाल आला की, नुसतं कॉकेशियन असून चालणार नाही, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा.

हे प्रकरण एकट्या थिंड यांच्यापुरतं राहिलं नाही. आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांची कागदपत्रं काढून घेतली गेली. कॅलिफोर्नियात तर ज्याला नागरिक होता येत नाही त्याला शेतजमीन घेता येत नसे. इम्पीरियल व्हॅलीतले पंजाबी शेतकरी मग ओळखीच्या गोऱ्यांच्या नावावर जमीन कसू लागले. नाव दुसऱ्याचं, घाम आपला. त्यात काहीजण फसलेही. १९१७ च्या कायद्यानं गावाकडून बायको आणायची वाटही बंद केली होती. त्यामुळे अनेकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. मुलांची नावं स्पॅनिश, आडनाव सिंग. ही मुलं जन्मानं अमेरिकन, म्हणून पुढे जमिनी त्यांच्या नावावर होऊ लागल्या.

पंडित यांचंही नागरिकत्व काढायला सरकार निघालं होतं. ते न्यायालयात जिंकले आणि सरकारनं असे बाकीचे खटले सोडून दिले.

पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी १९३५ मध्ये खास कायदा झाला. त्याखाली १९३६ मध्ये थिंड तिसऱ्यांदा नागरिक झाले, ते कायमचे. इतर भारतीयांसाठी दार १९४६ मध्ये उघडलं, पण नव्यानं येणाऱ्यांसाठी कोटा वर्षाला जेमतेम १०० जणांचाच होता. थिंड अमेरिकेतच अध्यात्मावर व्याख्यानं देत फिरले. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं.