नोकरी गेली, पगार गेला. पण विदर्भातल्या तळणीत येऊन तिनं सूर्याचा असा फोटो काढला की जग बघत राहिलं

जून उजाडला की शहापूर आणि मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यांवर एक वेगळीच जमात दिसायला लागते. गळ्यात कॅमेरा, पाठीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली बॅग आणि नजर कायम वर. माहुलीच्या सुळक्यांना ढग कधी टेकतात, माळशेजच्या कड्यावरून ते कधी खाली ओघळतात, भातसाच्या पाण्यावर संध्याकाळचं आभाळ कधी पेटतं, याची वाट बघत ही मंडळी तासन् तास उभी असतात.

यातल्या बहुतेकांना या कामाचा एक रुपया मिळत नाही. कोणी बँकेत असतं, कोणी शाळेत शिकवतं, कोणी कंपनीत शिफ्ट करतं. घरचे म्हणतात, ढगांचे फोटो काढून काय मिळतं? याचं उत्तर त्यांच्याकडेही नसतं.

आता आसनगाव स्टेशनवरून जाणारी ही रेल्वे लाइन डोळ्यासमोर आणा. तीच लाइन कसारा, इगतपुरी, भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला जाते. अमरावती जिल्ह्यात धामणगाव सोडलं आणि पुलगाव यायच्या आधी एक छोटंसं स्टेशन लागतं, तळणी. गाडी बहुतेक वेळा थांबत नाही, त्यामुळे नावही लक्षात राहत नाही.

पण १८९८ च्या जानेवारीत या तळणीत एक बाई आपला छोटासा कॅमेरा घेऊन आभाळाकडे बघत उभी होती. तिलाही या कामाचा एक पैसा मिळणार नव्हता. तिचं नाव ॲनी माँडर.

पहिली आली, पण डिग्री नाही

ॲनी स्कॉट डिल रसेल हे तिचं माहेरचं नाव. जन्म १४ एप्रिल १८६८, आयर्लंडमधल्या स्ट्रबेन गावचा. वडील धर्मगुरू, घरात पैसा बेताचा. पोरगी मात्र गणितात पक्की. शिष्यवृत्ती मिळवून ती केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात पोचली. गर्टन हे तेव्हा बायकांचं कॉलेज होतं.

१८८९ मध्ये तिनं केंब्रिजची गणिताची ऑनर्स परीक्षा दिली आणि त्या वर्षी गर्टनच्या मुलींमध्ये ती गणितात पहिली आली. पण डिग्री काही मिळाली नाही. कारण सोपं होतं. बायकांनी परीक्षा द्यायची, मार्कही मिळवायचे, पण पदवी फक्त पुरुषांना, असा तिथला नियम होता.

मग काही काळ तिनं जर्सी बेटावरच्या एका शाळेत शिकवलं. पण डोक्यात खगोलशास्त्र होतं. त्याच सुमारास लंडनजवळच्या ग्रीनिच वेधशाळेनं एक नवा प्रयोग सुरू केला होता. आकडेमोड करायला शिकलेल्या बायका नेमायच्या. त्यांना लेडी कंप्युटर म्हणायचे. कंप्युटर म्हणजे तेव्हा यंत्र नव्हतं, हिशोब करणारा माणूस होता.

पगार महिन्याला चार पौंड. शाळेत तिला यापेक्षा जास्त मिळत होते. तरीही १८९१ मध्ये ॲनी ग्रीनिचला रुजू झाली.

रोज सूर्याचा एक फोटो

तिला सूर्याच्या विभागात टाकण्यात आलं. काम काय, तर आभाळ मोकळं असेल त्या प्रत्येक दिवशी सूर्याचा फोटो काढायचा. मग त्या काचेच्या प्लेटवर सूर्यावरचे काळे डाग शोधायचे, ते कुठं आहेत आणि किती मोठे आहेत ते मोजायचं आणि वहीत नोंदवायचं.

ऐकायला कंटाळवाणं वाटतं ना? पण यात एक गंमत होती. लंडनचं आभाळ म्हणजे ढगाळ कारभार. सलग कित्येक दिवस सूर्य दिसायचाच नाही. मग ती गॅप भरायला ग्रीनिचकडे दुसरीकडचे फोटो यायचे. त्यातली एक जागा होती मॉरिशस आणि दुसरी आपलं डेहराडून. म्हणजे भारतातल्या उन्हाशी ॲनीची ओळख इथं यायच्या आधीच झालेली होती.

या विभागाचे प्रमुख होते वॉल्टर माँडर. वयानं ॲनीपेक्षा १७ वर्षांनी मोठे, पत्नी वारलेली, पदरात पाच मुलं. सूर्याच्या प्लेटा मोजता मोजता दोघांचं जमलं आणि २८ डिसेंबर १८९५ ला त्यांनी लग्न केलं.

आणि तिथंच ॲनीची नोकरी गेली.

तेव्हाच्या ब्रिटिश सरकारी नोकरीत नियम होता की बाईनं लग्न केलं की तिनं राजीनामा द्यायचा. वॉल्टर त्याच खुर्चीवर बसून राहिले आणि ॲनी घरी आली. चार वर्षं रोज सूर्याचे फोटो काढणारी बाई एका दिवसात हौशी फोटोग्राफर झाली.

हौशी लोकांची मंडळी

पण तिच्यासाठी एक दार उघडं होतं. १८९० मध्ये ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन नावाची संस्था सुरू झाली होती. ती काढण्यात वॉल्टर पुढे होते. दुसरीकडे रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ही मोठ्या लोकांची संस्था होती आणि तिथं बायकांना प्रवेश नव्हता. १८९२ मध्ये ॲनीचं नाव सदस्य म्हणून सुचवलं गेलं होतं, ते मंजूर झालं नाही. नव्या संस्थेत मात्र हौशी लोक आणि बायका, दोघांनाही जागा होती. ॲनी तिथं नुसती सदस्य नव्हती, तर संस्थेचं जर्नल संपादित करत होती.

या संस्थेनं एक भारी काम सुरू केलं. खग्रास सूर्यग्रहण जिथं दिसणार असेल तिथं वर्गणी काढून टोळी न्यायची. पहिली मोठी सफर १८९६ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या पार उत्तरेला, वाड्सो इथं. एवढ्या लांब जाऊन झालं काय? ऐन ग्रहणाच्या वेळी ढग आले. सगळे रिकाम्या हातानं परतले.

माळशेजला पहाटे पोचून दिवसभर नुसतं धुकं बघून परत आलेल्या माणसाला हे दुःख समजावून सांगायची गरज नाही.

मग ठरलं भारत

पुढचं ग्रहण होतं २२ जानेवारी १८९८ चं आणि त्याची सावली कोकणातून शिरून विदर्भावरून उत्तरेकडे जाणार होती. जानेवारीत आपल्याकडचं आभाळ कसं असतं ते आपल्याला माहीतच आहे. लख्ख. त्यामुळे जगभरातल्या खगोलशास्त्रज्ञांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्याकडे आणि वऱ्हाडाकडे धाव घेतली. मुंबईत प्लेगची साथ सुरू होती, तरीही लोक आले.

नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाला उतरले. किल्ल्यात आजही दाखवतात तो साहेबाचा कट्टा याच मोहिमेच्या आठवणीचा. लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला असा मेसेज दरवर्षी फिरतो, तो मात्र चुकीचा आहे. १८६८ मध्ये ते इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गाला आले ते ३० वर्षांनी, या ग्रहणासाठी.

सोलापूरच्या बाजूला जेऊर इथं पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला यांचा तळ पडला होता. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची टोळीही जेऊरलाच होती. पुलगावला ब्रिटिश सरकारी मोहिमेची माणसं होती. आणि पुलगावच्या शेजारी तळणीत उतरली ही हौशी लोकांची टोळी. त्यात वॉल्टर आणि ॲनी होते, तसेच जॉन एव्हरशेड होते. हे एव्हरशेड पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेचे संचालक झाले.

छोट्या लेन्सचा मोठा डाव

आता मुद्द्याची गोष्ट. ग्रहणात चंद्र सूर्याला पूर्ण झाकतो तेव्हा सूर्याभोवती पांढऱ्या उजेडाचं एक कडं दिसतं. त्याला प्रभामंडल किंवा करोना म्हणतात. हे एरवी दिसत नाही, कारण सूर्याच्या झगमगाटात ते बुडून जातं. सूर्याजवळ हा उजेड ठळक असतो आणि बाहेर जाईल तसा झपाट्यानं फिका होत जातो.

मोठ्या वेधशाळा लांबलचक दुर्बिणी घेऊन आल्या होत्या. त्यातून सूर्याच्या जवळचा भाग मोठा आणि स्पष्ट येतो. पण चित्र जितकं मोठं, तितका उजेड पसरतो आणि पातळ होतो. शिवाय आभाळाचा छोटासाच तुकडा फ्रेममध्ये मावतो. बाहेरचे फिके किरण यात हाती लागणं अवघड.

ॲनीनं नेमकं उलटं केलं. गर्टन कॉलेजकडून तिला थोडं अनुदान मिळालं होतं. त्या पैशात तिनं स्वतः आखून एक छोटा कॅमेरा तयार करून घेतला. लेन्स फक्त दीड इंचाची, फोकल लेंथ नऊ इंच. आजच्या भाषेत एफ सिक्स. चित्र लहान येणार, पण उजेड एका जागी गोळा होणार आणि आभाळाचा मोठा पट्टा एका फ्रेममध्ये बसणार. तिला हवे होते ते सूर्यापासून लांब गेलेले किरण, आणि कॅमेरा तेवढ्यासाठीच बनवलेला होता.

वेळ किती? जेमतेम दोन मिनिटं. चुकलं तर रीटेक नाही. पुढचं ग्रहण दुसऱ्या देशात, दुसऱ्या वर्षी.

२२ जानेवारीला भर दुपारी तळणीत अंधारून आलं. आभाळ स्वच्छ होतं. ॲनीनं आपल्या प्लेटा एक्स्पोज केल्या.

प्लेट धुतल्यावर त्यात एक किरण दिसला. सूर्यापासून निघून तो थेट लांब गेलेला. मोजला तर सुमारे ६० लाख मैल, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटर. सूर्याच्या स्वतःच्या व्यासाच्या सातपट. प्रभामंडलाचा इतका लांब किरण तोपर्यंत कोणाच्याच फोटोत आलेला नव्हता. पगारी नोकर आणि सरकारी खजिना पाठीशी असलेल्या मोहिमा बाजूला राहिल्या आणि नोकरी गेलेल्या बाईच्या दीड इंची लेन्सनं बाजी मारली.

संस्थेनं १८९९ मध्ये या भारतीय ग्रहणावर अख्खं पुस्तक काढलं.

क्रेडिट कोणाचं?

ॲनी थांबली नाही. १९०० मध्ये अल्जिअर्स, १९०१ मध्ये मॉरिशस, १९०५ मध्ये कॅनडातलं लॅब्रडॉर. लॅब्रडॉरला पुन्हा ढगांनी दगा दिला.

मधल्या काळात या नवरा-बायकोनं ग्रीनिचच्या जुन्या नोंदी घेऊन एक तक्ता काढला. कोणत्या वर्षी सूर्यावर कुठं डाग पडले ते ठिपक्यांनी मांडलं. बघतात तर काय, कागदावर फुलपाखरं उमटली. डाग आधी सूर्याच्या विषुववृत्तापासून लांब दिसतात, मग ११ वर्षांच्या चक्रात हळूहळू त्याच्याजवळ सरकतात. त्या फुलपाखरी आकृतीशिवाय आजही सूर्याचं पुस्तक पूर्ण होत नाही.

पण १९०४ चा तो शोधनिबंध वॉल्टर यांच्या एकट्याच्या नावावर आहे. सोसायटीत सदस्य तेच होते. १९०७ मध्ये ॲनीनं सूर्याच्या डागांवर स्वतःच्या नावानं निबंध छापून आणला. १९०८ साली दोघांचं आकाशावरचं एक पुस्तक आलं, तेव्हा वॉल्टर यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलं की यातलं जवळजवळ सगळं काम बायकोचं आहे.

रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं अखेर १९१६ मध्ये बायकांसाठी दार उघडलं आणि त्याच वर्षी ॲनी सदस्य झाली. पहिल्या अर्जानंतर तब्बल २४ वर्षांनी. पहिल्या महायुद्धात ग्रीनिचची माणसं कमी पडली, तेव्हा ती पुन्हा त्याच वेधशाळेत जाऊन काम करू लागली. या वेळी पगाराचा प्रश्नच नव्हता, ती स्वयंसेवक होती.

१९२८ मध्ये वॉल्टर गेले. ॲनी १५ सप्टेंबर १९४७ ला लंडनमध्ये वारली, वयाच्या ७९ व्या वर्षी. केंब्रिजनं बायकांना पदवी द्यायला सुरुवात केली १९४८ मध्ये. ॲनीची डिग्री शेवटपर्यंत राहिलीच.

आज चंद्रावरच्या एका विवराला माँडर दांपत्याचं नाव आहे. ज्या सोसायटीनं तिला नाकारलं होतं, ती २०१६ पासून विज्ञान लोकांपर्यंत पोचवणाऱ्यांना ॲनी माँडर पदक देते. आणि ज्या ग्रीनिचनं लग्न केलं म्हणून तिला घरी बसवलं, तिथं २०१८ मध्ये बसवलेल्या दुर्बिणीला तिचंच नाव आहे.

आता तुमची पाळी

२ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, दुपारनंतर. महिना ऑगस्टचा, त्यामुळे शहापूर आणि मुरबाडवर ढग असण्याचीच शक्यता जास्त. पण पावसाळी आभाळ कधी कुठं फाटेल, सांगता येत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. ग्रहणाचा चष्मा लावल्याशिवाय सूर्याकडे बघायचं नाही आणि लेन्सला सोलर फिल्टर लावल्याशिवाय कॅमेरा सूर्यावर धरायचा नाही. मधे पातळ ढग असले तरीही नाही. डोळे आणि सेन्सर दोन्ही जातात.

आणि फोटो ढगाचा असो की सूर्याचा, तो टाकताना खाली तारीख, वेळ, जागा आणि दिशा लिहा. ग्रीनिचच्या त्या कंटाळवाण्या वहीत एवढंच तर लिहिलेलं असायचं. त्यातूनच पुढे फुलपाखरं निघाली.

मग घरचे विचारतील, यातून काय मिळतं? त्यांना तळणीची गोष्ट सांगा.